रॉकशॉक्स रेकॉन सिल्व्हर आरएल: मऊ लागणारा फोर्क कितपत जुळवता येतो

मध्यम किमतीच्या माउंटन बाइकवर येणाऱ्या हवेच्या फोर्कमध्ये (फोर्क म्हणजे पुढचे चाक धरणारा आणि धक्के शोषणारा दोन पायांचा भाग) रेकॉन सिल्व्हर आरएल हा मला सर्वांत समजायला सोपा फोर्क वाटतो. वरच्या नळ्या ३२ मिमी व्यासाच्या आणि पोलादी आहेत, फोर्कच्या डाव्या पायात सोलो एअर ही हवेची स्प्रिंग आहे, उजव्या पायात मोशन कंट्रोल डॅम्पर, म्हणजे फोर्कच्या हालचालीचा वेग आवरणारा भाग आहे, त्याच्या माथ्यावर लॉकआउट, म्हणजे फोर्क दबू न देणारी कळ, आणि तळाशी रिबाउंडची, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारी लाल कळ आहे. माझ्याकडचा फोर्क १२० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा असून तो मी मुख्यतः पुण्यातील वेताळ टेकडीवर आणि आसपासच्या मुरमाड उतारांवर वापरतो. या फोर्कविषयी जी तक्रार वारंवार कानावर येते, ती म्हणजे पुढचा भाग फार मऊ लागतो, ब्रेक दाबला की सायकल नाकावर येते. माझ्या मते ही तक्रार बहुतेक वेळा मालकाला घरच्या घरी दूर करता येते. मात्र मऊपणाचा एक प्रकार असा आहे की त्यावर या फोर्ककडे उपाय नाही, आणि तो विकत घेण्यापूर्वीच माहीत असलेला बरा.

पहिली तपासणी सॅगची, म्हणजे केवळ आपल्या वजनाने फोर्क किती खाली बसतो याची. नेहमीचे बूट, हेल्मेट आणि पाण्याने भरलेली पिशवी अंगावर घेऊन पेडलवर उभे राहावे, कोणाला तरी सायकल धरायला सांगावी आणि नळीवरचे रबरी कडे खाली सरकवून मग हलकेच उतरावे. कडे नसेल तर प्लॅस्टिकची बारीक झिप टाय सैलसर बांधली तरी चालते, फक्त राइडला निघण्यापूर्वी ती काढावी. १२० मिमीच्या फोर्कसाठी २० ते ३० टक्के म्हणजे २४ ते ३६ मिमी सॅग योग्य. मी ३० मिमीच्या आसपास ठेवतो. नळीवर टक्क्यांच्या खुणा छापलेल्या असल्यामुळे मोजपट्टीचीही गरज पडत नाही, ही या फोर्कची मला फार आवडलेली सोय आहे. सीटवर बसून मोजणारे बरेच जण फसतात, कारण तेव्हा वजन मागच्या चाकावर जाते, पुढचा सॅग कमी दिसतो आणि फोर्क मुळात मऊ असूनही मोजमाप ठीक असल्याचा समज होतो.

सॅग जास्त आला तर हवा वाढवायची, आणि इथे खरा गोंधळ पंपामुळे होतो. टायरचा उभा पंप या कामाचा नाही. फोर्कमधील हवेची जागा इतकी लहान असते की त्याचा एक दट्ट्या दाब कुठल्या कुठे नेतो, आणि नळी काढताना तीच हवा निसटते. त्यासाठी शॉक पंप, म्हणजे फोर्कसाठीचा दाबमापक असलेला छोटा हातपंप, स्वतंत्र घ्यावा. तो व्हॉल्व्हवर चढवला की फोर्कमधील थोडी हवा पंपाच्या रिकाम्या नळीत शिरते आणि दाबमापकाचा काटा मागच्या वेळेपेक्षा पाच-दहा पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) खाली दिसतो, त्यामुळे फोर्क गळतो आहे अशी शंका येते. उलट पंप काढताना जो फुस्स आवाज होतो, तो चांगल्या पंपाच्या बाबतीत नळीतल्या हवेचा असतो. फोर्कमधली हवा जागच्या जागी असते. हा फरक कळला नाही, तर माणूस दर आठवड्याला पंप लावून तपासत राहतो आणि आकड्यांवरचा त्याचा विश्वासच उडतो.

सोलो एअरमध्ये एकाच व्हॉल्व्हमधून वरचा आणि खालचा असे दोन्ही कप्पे भरतात, आणि त्यांचा दाब समान व्हावा यासाठी हवा भरताना अधूनमधून फोर्क सावकाश दाबून सोडावा लागतो. दाबल्यानंतर काटा थोडा खाली येतो. तेव्हा पुन्हा भरून पाहिजे तो आकडा गाठावा. खालच्या कप्प्यात दाब जास्त अडकून राहिला, तर फोर्क स्वतःहूनच थोडा खाली ओढलेला राहतो आणि हातांना तो मऊ, आखूड वाटतो. अशा वेळी वर आणखी हवा कोंबण्यापेक्षा दाब उतरवून, फोर्क हलवत हलवत, नव्याने भरणे उत्तम.

हवामानाचाही वाटा असतो. ३० अंशांच्या दुपारी भरलेला ८० पीएसआय दाब डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे सुमारे सहा पीएसआयने उतरतो. म्हणून ज्या वेळी सायकल चालवतो, त्याच सुमारास हवा तपासावी आणि बदल पाच-पाच पीएसआयनेच करावा.

सॅग बरोबर असूनही फोर्क मऊ लागत असेल, तर प्रश्न स्प्रिंगचा नसून डॅम्परचा असण्याचा संभव अधिक. रिबाउंडची कळ अगदी मोकळी असेल तर फोर्क प्रत्येक दगडानंतर झटक्याने उसळतो आणि त्या डुलण्याला आपण मऊपणा समजतो. घड्याळाच्या दिशेने थोडी फिरवली की सायकल शांत होते. पण ती फार आवळली, तर ओळीने येणाऱ्या दगडांवर फोर्कला परत वर यायला वेळ मिळत नाही, तो पायरी पायरीने खाली बसत जातो, आणि चालवणारा पुन्हा हवा वाढवतो. वेताळ टेकडीच्या खडकाळ उतारावर हे दोन्ही प्रकार एकाच फेरीत अनुभवता येतात, म्हणून जुळवणीसाठी ती जागा मला फार उपयोगी वाटते.

उपाय नसलेला मऊपणा तो हाच: सॅग नेमका, रिबाउंड जुळलेला, तरीही तीव्र उतारावर जोरात ब्रेक लावताच फोर्क खोल बसतो. महागड्या फोर्कमध्ये यासाठी फोर्क दबण्याचा वेग आवरणारी टप्प्याटप्प्याची कळ असते. इथे वरची कळ मुख्यतः चढासाठीच्या लॉकआउटची आहे आणि उतारावर तिचा आधार मिळत नाही. हवा वाढवून हे झाकता येते, पण मग लहान खड्डे मनगटांना जाणवू लागतात. मी दाब किंचित जास्त ठेवून ही तडजोड स्वीकारली आहे.

गळतीची खात्री करायची असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे आतला सुटा होणारा भाग, हलक्या हाताने आवळावा. लॉक करूनही फोर्क सहज खाली जात असेल, तर डॅम्परमधील तेल कमी झाले असावे आणि ते काम अनुभवी मेकॅनिककडेच द्यावे. फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस दर ५० तासांनी करण्याची शिफारस कंपनीच करते. पावसाळ्यातील लाल चिखलानंतर ती लांबणीवर टाकू नये. पोलादी नळीवर ओरखडा पडला तर तिथे गंज धरू शकतो, म्हणून राइडनंतर मऊ फडक्याने ती पुसून ठेवावी.

टेकडीवर नियमित जाणाऱ्या आणि पंप हाताळायची तयारी असलेल्या सायकलस्वाराला मी हा फोर्क निःसंकोच सुचवीन. नुसत्या पोलादी स्प्रिंगच्या स्वस्त फोर्कमध्ये प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी कळ फिरवली तरी स्प्रिंगचा ताठपणा तोच राहतो आणि वजनानुसार स्प्रिंगच बदलावी लागते. इथे ते काम दोन मिनिटांत हवेवर भागते. मात्र ज्यांचे वजन बरेच जास्त आहे, किंवा जे मोठ्या उड्या आणि तीव्र उतार वेगाने घेतात, त्यांनी थोडे पैसे साठवून जाड नळ्यांचा आणि अधिक जुळवणी देणारा फोर्क घ्यावा.