टँकरचं पाणी आणि हिरवी काच: आरओ की मनी प्लांट?

कोथरूडला होतो तोवर माशांच्या टँकमधलं शेवाळ म्हणजे काय ते मला खरं कळलंच नव्हतं. नळाला खडकवासल्याचं पाणी, माझ्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शंभरच्या आत. आठवड्याला दोन बादल्या बदलल्या की काम झालं. मग वाघोलीला आलो, तोच अडीच फुटी टँक तसाच मांडला, आणि तीन आठवड्यांत काच हिरवी. टँकमधल्या जावा फर्न या झाडाच्या कडांना दाढीसारखं काळं शेवाळ फुटलं ते वेगळंच. इथे सोसायटीचं पाणी थोडं बोअरचं, बाकी टँकरचं. मीटर ८५० च्या आसपास, एप्रिल-मे मध्ये त्याच्याही वर.

मग जे सगळे करतात तेच केलं, पाणी जास्त बदलायला लागलो. शेवाळ आणखी वाढलं. दुकानदाराने ‘एक सकर टाका’ म्हणून सांगितलं, म्हणजे शेवाळ खाणारा मासा. (टाकू नका. तो फूटभर वाढतो, मोठा झाला की शेवाळाकडे ढुंकून बघत नाही, आणि मग लोक त्याला नेऊन तलावात सोडतात.) शेवटी एका रविवारी नायट्रेटची पट्टी टँकऐवजी बादलीतल्या कोऱ्या पाण्यात बुडवली. पट्टी ४० आणि ५० च्या मधल्या गुलाबी रंगावर जाऊन थांबली. म्हणजे पाणी बदलण्याच्या नावाखाली मी दर आठवड्याला टँकमध्ये पातळ खत ओतत होतो. यात नवल काही नाही, शेतातला युरिया आणि सेप्टिक टँकचा झिरपा शेवटी बोअरमध्येच उतरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. शेवाळाला त्याच्या कितीतरी कमी पुरतं.

तेव्हा पुढचं वाचण्याआधी तुम्हीही बादलीतलं पाणी तपासा. नुसत्या टीडीएसवरून ठरवू नका. तो आकडा बघून माणूस घाबरतो, पण आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात त्यातला बराचसा भाग कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो, आणि चुन्यावर शेवाळ पोसत नाही. ते नायट्रेट, फॉस्फेट आणि उजेडावर पोसतं. उजेडाचं एका ओळीत सांगतो: दिवा सहा तास, टायमरवर, आणि टँक खिडकीपासून लांब. खालच्या दोन्ही वाटांना, आरओ काय किंवा मनी प्लांट काय, हे लागतंच. हे जमणार नसेल तर दोन्ही वाटा फुकट.

पहिली वाट घरच्या आरओ प्युरिफायरच्या पाण्याची. मी ती जवळपास आठ महिने चाललो, त्यामुळे तिला नावं ठेवताना थोडं जपून ठेवतो. निकाल झटपट मिळतो. दीड महिन्यात काच स्वच्छ झाली, काळी दाढी वाढायची थांबली, निऑन माशांच्या अंगावरची निळी रेघ अशी उजळली की आलेला पाहुणा आधी टँकपाशीच जायचा. प्युरिफायरमधला कार्बन क्लोरीन आधीच काढतो, त्यामुळे टँकरवाल्याने आज ब्लीचिंग पावडर किती टाकली असेल ही धाकधूक नाही, अँटी-क्लोरीनचे थेंब मोजणं नाही.

सुरुवातीला मी हावरटासारखं नुसतंच आरओ वापरलं, ते चुकलं. महिन्याभरात गोगलगायींच्या कवचांवर पांढरे खड्डे पडले, टोकाकडून कवच खडूसारखं झिजत गेलं. त्या पाण्यात कॅल्शियम नाही आणि पीएच धरून ठेवायला कार्बोनेटही नाही. मग तीन भाग आरओ आणि एक भाग टँकरचं, हे प्रमाण बसलं.

इथपर्यंत सगळं छान. मला हरवलं ते कॅनने.

आठवड्याला ३० लिटर बदलायचं तर २२-२३ लिटर आरओ हवं. प्युरिफायरची टाकी ८ लिटरची. ती रिकामी झाली की नळाची करंगळीएवढी धार, आणि कॅन भरायला दीड तास. सकाळी लावावं तर आई पातेलं घेऊन शेजारी उभी. “माशांना आरओ, आणि मी चहाला कुठलं घेऊ?” म्हणून रात्री लावायला लागलो. अकराला कॅन लावायचा, साडेबाराचा गजर. एकदा गजर ऐकूच आला नाही. सकाळी स्वयंपाकघरात घोट्याखाली पाणी, आणि खालच्या फळीवरचा दहा किलो पिठाचा डबा तळातून ओला. त्या दिवशी घरात माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. शिवाय त्या २२ लिटरांमागे साठेक लिटर वेस्टच्या पाइपातून जायचं. टँकरचं विकत घेतलेलं पाणी असं जाताना बघवत नाही, आणि त्याने फरशी पुसावी तर वाळल्यावर पांढरे डाग.

हे सगळं चाललंही असतं, पण या पद्धतीला खाडा चालत नाही. एका लग्नासाठी दहा दिवस नागपूरला गेलो. मागे भावाने प्रेमाने दोन बादल्या थेट नळाच्या घातल्या. परत आलो तेव्हा पाच निऑन कमी होते. भावाला काय बोलणार?

दुसरी वाट पाणी आहे तसं मान्य करण्याची: नायट्रेट येणारच, तर ते शेवाळाच्या आधी दुसऱ्या कोणीतरी खावं. पवनेत, मुळा-मुठेत जलपर्णी का माजते ते आपण बघतोच. तेच छोट्या प्रमाणात घरात करायचं, फक्त जलपर्णीऐवजी मनी प्लांट. गच्चीतल्या कुंडीतल्या चार फांद्या कापल्या, माती धुऊन काढली आणि देठ टँकच्या काठावर अडकवलेल्या (हँगऑन) फिल्टरच्या पेटीत खोचले. पानं बाहेर, मुळं पाण्यात. मातीतली जुनी तपकिरी मुळं सडतात, ती आधीच कापून टाका. तीनेक आठवडे काहीच घडत नाही, मग देठाच्या गाठींतून शेवयांसारखी पांढरी मुळं सुटतात आणि बघता बघता पेटी भरते. पानांना कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळतो, त्यामुळे पाण्यातल्या झाडांपेक्षा हे झाड जोमाने खातं. टँकमध्ये जोडीला व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पती लावल्या. ही दोन्ही कठीण पाण्यातला बायकार्बोनेट वापरू शकतात, म्हणून आपल्या पाण्यात रुसत नाहीत.

दोन-अडीच महिन्यांनी टँकमधली पट्टी १० च्या रंगावर आली. काच आता पंधरा दिवसांनी एकदा पुसतो. आरओइतकी चकाचक नाही, मागच्या कोपऱ्यात थोडं हिरवं राहतंच. पाणी आठवड्याला एकच बादली बदलतो, तीही ड्रममध्ये रात्रभर हवा सोडून आणि अँटी-क्लोरीन घालून.

यात आरओचं एक छोटं काम मी ठेवलंय, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग तिथेच आहे. उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर पाणी उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. वर पुन्हा टँकरचंच घातलं तर टीडीएस महिनोन्‌महिने चढत जातो. म्हणून ही तूट तेवढी आरओने भरतो. रोज एक तांब्या, त्याला आईचीही हरकत नाही. पावसाळ्यात तेही लागत नाही, पहिले दोन-तीन पाऊस सोडून पुढचं गॅलरीत ड्रमला धरतो.

आता तुमचं. डिस्कस, कार्डिनल हे मासे किंवा क्रिस्टल झिंगे पाळायचे असतील तर वाद नको, आरओच घ्या. पण प्युरिफायरच्या जिवावर नको, टँकसाठी वेगळा बसवा आणि त्याला फ्लोट व्हॉल्व्ह लावा, भरलं की पाणी आपोआप बंद. मीटर १५०० च्या वर जात असेल तरीही तेच. गोल्डफिश असतील तर मनी प्लांटची मुळं कुरतडली जातील, फिल्टरच्या पेटीतच ठेवा. बाकी आपल्यासारख्यांनी मॉली, गप्पी, प्लॅटी ठेवावेत, हे मासे कठीण पाण्यातच खुलतात. मी निऑनचा नाद सोडला. सुरुवातीला चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू. आता पंधरा-वीस मॉली आहेत, पिल्लं कोणाला द्यायची हा नवा प्रश्न आहे, आणि मे महिन्यात आठ दिवस देवरुखला जाऊन आलो तेव्हा टँक होता तसाच होता.

काचेवर पाण्याच्या रेषेशी बसणारा क्षाराचा पांढरा पट्टा मात्र या वाटेवर जात नाही. पाणी चार बोटं खाली घेऊन लिंबाची पिळलेली फोड घासायची, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. महिन्याने परत.