फुलं वाळवायचा सोलर ड्रायर : दोन उन्हाळे वापरल्यावर

अंबाजोगाईला आमच्या अंगणात गोकर्णीचा वेल आहे, देशी गुलाबाची चार झाडं आहेत आणि परसात लाल अंबाडी. इतकी वर्षं सगळं माळवदावर जुनं धोतर अंथरून वाळवलं. गोकर्णीची फुलं दोन दिवसांत राखाडी पडायची, फार जीव हळहळायचा. म्हणून साडेनऊ हजारांचा, काचेच्या झाकणाचा तीन ट्रेचा ड्रायर घेतला.

गोकर्णीचा निळा आणि अंबाडीच्या बोंडाचा लाल रंग म्हणजे अँथोसायनिन. यांतलं मोठं अँटिऑक्सिडंट तेच. उष्णता, उजेड, हवा, सगळ्यानंच ते मोडतं. बरं, सावलीत ठेवावं तर पावसाळ्यात फूल तीन-चार दिवस ओलंच राहतं आणि तेवढ्यात फुलातलीच एन्झाइम्स रंग तपकिरी करतात. म्हणजे वाळायला लवकर हवं, पण तापायला नको. गोठवून निर्वातात वाळवलं तर गुण सगळ्यात चांगले टिकतात, पण ते यंत्र घरात कोण आणणार?

दुकानदार म्हणाला होता, "झाकण लावा अन् विसरा, ताई." मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना आत थर्मामीटर घातला, तर पारा 68 वर! गोकर्णीची फुलं चार तासांत कुरकुरीत झाली, पण त्यांचा चहा फिकट आभाळी. मग काचेवर त्याच धोतराची दुहेरी घडी टाकली आणि हवेच्या खिडक्या पूर्ण उघडल्या. पारा पन्नाशीच्या आत आला, फुलं संध्याकाळपर्यंत वाळली. पाच फुलं कपभर गरम पाण्यात टाकली तर शाईसारखं गर्द निळं उतरलं, लिंबू पिळताच जांभळं झालं. झेंडूची परीक्षा मात्र अशी होत नाही, त्याचं पिवळं कॅरोटिनॉइड तेला-तुपात उतरतं, पाण्यात नाही.

अंबाडीची बोंडं मार्गशीर्षात बी काढून घातली. दोन दिवस लागले, पण लाली तशीच.

तक्रार जाळीची. ट्रेची लोखंडी जाळी पहिल्याच पावसाळ्यात गंजली. फोन केले, कुणी दाद दिली नाही. शेवटी वेल्डरकडून स्टीलची बसवून घेतली. थर्मामीटरही सोबत मिळत नाही.

तरी घेतल्याचा पस्तावा नाही. तुम्ही घेणार असाल तर स्टीलची जाळी आधीच मागा. बाजारातली फवारलेली हारांची फुलं यात घालू नका. वाळलेला माल घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवा. खिडकीत ठेवलेल्या माझ्या एका बरणीतल्या फुलांचा रंग दोन महिन्यांत उडाला.