गोव्यात चेरी लावायची तर सुरिनाम की बार्बाडोस?

काश्मीरची चेरी आपल्या अंगणात होणार नाही, तो विचार सोडूनच द्यावा. तिला हिवाळ्यात शेकडो तास सात अंशांखालची थंडी लागते आणि आपल्याकडे पौषातही पंखा सुरू असतो. मिश्री किंवा मखमली या तिच्या जाती बाजारात आल्या की विकत घेऊन खाव्यात. तोडल्यावर चेरी आणखी गोड होत नाही, म्हणून रंग पुरता भरलेली आणि देठ हिरवा असलेलीच निवडावी.

राहतात दोन झाडं. नावापुरत्याच चेरी, पण उकाडा आणि दमट हवा सोसणाऱ्या. माझ्याकडे दोन्ही आहेत, विहिरीजवळ शेजारी शेजारी.

सुरिनाम चेरी म्हणजे ब्राझीलची पितांगा. पोर्तुगीजांनी ती इकडे आणली असावी. वनस्पतिशास्त्रात तिचं पहिलं वर्णन इटलीतल्या पिसा शहरातल्या बागेतल्या झाडावरून झालं आणि ते झाड गोव्यातून गेलं होतं असं मानतात. एवढं वाचल्यावर गोव्यातल्या माणसाला ते झाड हवंसं वाटणारच. दिसायलाही देखणं. कोवळी पालवी तांबूस, फळ छोट्या भोपळ्यासारखं आठ कंगोऱ्यांचं. छाटणी सोसतं, त्यामुळे कुंपणाला उत्तम.

अडचण आहे ती पिकण्यात. फळ हिरव्याचं पिवळं, मग नारिंगी, मग लाल होतं आणि एकाच फांदीवर हे सगळे रंग एकदम दिसतात. लाल झालं की पिकलं, असं कुणालाही वाटतं. पण त्या लाल फळातही टर्पेंटाइनसारखा उग्र वास असतो. रंग आणखी गडद व्हावा लागतो, बोट लावताच फळ हातात यावं लागतं, तेव्हा कुठे गोडवा येतो. तोवर बुलबुल टपलेलेच असतात. घरी आलेली मुलं हौसेने नारिंगी फळ तोडतात, चावतात, थुंकतात आणि पुन्हा त्या झाडाकडे फिरकत नाहीत. मला हेच खटकत राहिलं. बी काढून, साखर पेरून फ्रिजमध्ये ठेवलं की वास बराच उतरतो, पण झाडाखाली उभं राहून खायची मजा त्यात नाही. काळ्या फळाची जात सौम्य असते. मिळाली तर माझं म्हणणं थोडं बदलेलही.

बार्बाडोस चेरी घाईची. फुलापासून पिकेपर्यंत जेमतेम महिना, आणि पिकलेलं फळ इतकं नाजूक की सकाळी काढलेलं संध्याकाळी पाणी सोडू लागतं. शेजारच्या गावाला पाठवायचं म्हटलं तरी अवघड. मुळं वरवर पसरतात, म्हणून पावसाळी वाऱ्यात आधाराची काठी हवी. पाणी तुंबलेलंही चालत नाही. पण अर्धवट पिकलेलं फळ तोडलं तरी ते फक्त आंबट असतं. गुळात शिजवा, मीठ-मिरची लावून खा, सरबत करा, वाया जात नाही. जीवनसत्त्व क तर हिरव्या फळात जास्तच असतं. मुलं याच झाडाखाली रेंगाळतात.

कुंपणच हवं असेल तर सुरिनाम खुशाल लावा. खायला एकच झाड लावायचं असेल तर मी बार्बाडोसचं गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) घेईन, तेही मूळ झाडाचं फळ चाखून. बियांच्या रोपाला फळ कसं येईल, ते आधी सांगता येत नाही.