गेमच्या विकीचे नियम कुणाकडून घ्यावेत: यूईएसपी, रुनस्केप की मायनक्राफ्ट?

गेमचा विकी सुरू करायचा म्हटलं की पहिले आठ दिवस लोगो, रंग आणि मुखपृष्ठ यांतच जातात. नियम मागाहून बघू, असं सगळेच म्हणतात. मग शे-दीडशे पानं होतात, दोन संपादक एकाच पानावर एकमेकांचं लिखाण उलटवत बसतात, आणि तेव्हा केलेला नियम कुणाच्या तरी विरोधात केल्यासारखा वाटतो. म्हणून नियम आधी ठरवा. ते शून्यातून लिहावे लागत नाहीत. चाहत्यांनी चालवलेले तीन मोठे इंग्रजी विकी शेजारीशेजारी ठेवून पाहिले की आपल्या गेमला कोणाची रीत मानवेल हे कळू लागतं.

मराठी विकिपीडियावर काम केलेले बरेच जण तिथलेच नियम घेऊन येतात. ते इथे चालत नाहीत. विकिपीडियाला तटस्थ, दुय्यम संदर्भ हवे असतात आणि गेम कसा खेळावा याची मार्गदर्शिका तिथे बसत नाही. आपल्याकडे खेळणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, आणि पहिला पुरावा म्हणजे खुद्द गेम.

यूईएसपी हा द एल्डर स्क्रोल्स या गेममालिकेचा विकी. 1995 मध्ये त्यातल्या डॅगरफॉल या गेमच्या माहितीपानांपासून त्याची सुरुवात झाली आणि 2005 मध्ये तो विकी झाला. त्याची शिस्त मला या तिघांत सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक गेमला तिथे स्वतंत्र नामविश्व, म्हणजे पानांचा वेगळा कप्पा, आहे, आणि कथाविश्वासाठी, म्हणजे ज्याला खेळणारे लोर म्हणतात त्यासाठी, वेगळं. एकच पात्र मालिकेतल्या मोरोविंड या गेमच्या पानावर कुठे उभं असतं आणि काय काम देतं ते दिसतं. लोरच्या पानावर त्याचा इतिहास येतो.

ही विभागणी का लागते ते नेरेवार या कथेतल्या वीराच्या मृत्यूवरून समजतं. 2002 च्या मोरोविंडमध्ये मंदिराचे लोक सांगतात की रेड माउंटनच्या लढाईतल्या जखमांनी तो गेला. अ‍ॅशलँडर टोळ्या सांगतात की त्याच्याच जवळच्यांनी, म्हणजे अल्मालेक्सिया, सोथा सिल आणि विवेक यांनी, त्याला मारलं. गेममधली पुस्तकं एकमेकांना छेद देतात, आणि ते मुद्दाम तसंच लिहिलेलं आहे. नव्या संपादकाचे हात इथे शिवशिवतात. त्याला ‘खरं काय घडलं’ ते एका वाक्यात लिहून टाकायचं असतं. चांगलं लोर-पान मात्र कोण म्हणतं, कुठल्या पुस्तकात, कुठल्या गेममध्ये, हे वाक्यागणिक नोंदवतं. लेखकमंडळींनी गेमबाहेर लिहिलेला मजकूर आलाच तर यूईएसपीवर त्याला वेगळी खूण लागते, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होत नाही. याची किंमतही आहे. एका नावाची तीन-चार पानं होतात आणि ती सगळी सांभाळावी लागतात.

रुनस्केप या ऑनलाइन गेमच्या विकीचा स्वभाव अगदी वेगळा. 2018 मध्ये फॅन्डम, म्हणजे चाहत्यांच्या विकींना जागा देणारी कंपनी, सोडून हा विकी स्वतःच्या जागी गेला. त्याचं धोरण असं की गेममध्ये जे जे आहे, वस्तू असो, राक्षस असो की कोपऱ्यात उभा दुकानदार, त्याला स्वतःचं पान मिळतं. महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं हा वादच उद्भवत नाही. 2007 च्या रूपावर आधारलेला, 2013 मध्ये आलेला ओल्ड स्कूल रुनस्केप हा वेगळा गेम मानून त्याला वेगळा विकीच दिला आहे. हेही शहाणपणाचं.

असल्या विकीत खरी कसोटी लागते ती आकड्यांची. ओल्ड स्कूलमध्ये अबिसल डीमन हा राक्षस मारल्यावर अबिसल व्हिप हे हत्यार मिळण्याची शक्यता 512 पैकी 1 आहे. कुणीतरी येतो, ‘मी 900 मारले, मिळाला नाही, आकडा चुकलाय’ म्हणून पान बदलतो. गणित केलं तर 900 मारूनही रिकाम्या हाती राहणारे शंभरात सतरा तरी निघतात. त्याचा अनुभव खरा आहे, पण तो पुरावा नाही. म्हणून आधीच लिहून ठेवा: शक्यतेचा आकडा फक्त कंपनीच्या जाहीर माहितीवरून किंवा बऱ्याच जणांनी मिळून केलेल्या मोठ्या मोजणीवरून बदलेल, आणि मोजणी असेल तर किती वेळा मोजलं ते पानावर लिहिलं जाईल.

मायनक्राफ्ट विकी 2023 मध्ये फॅन्डममधून बाहेर पडला. त्याच्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे आवृत्तीचं भान. जुन्या व्हिडिओंत हिरे शोधायला 11-12 व्या थरावर खणा असं सांगितलेलं असतं. 2021 च्या 1.18 या आवृत्तीत जगाचा तळ उणे 64 पर्यंत खाली गेला आणि हिरे खाली, उणे 59 च्या आसपास, जास्त सापडू लागले. दोन्ही माहिती आपापल्या काळी बरोबरच होती. हा विकी वर आजची स्थिती वर्तमानकाळात लिहितो आणि खाली इतिहासाच्या तक्त्यात कुठल्या आवृत्तीत काय बदललं ते देतो. जावा आणि बेडरॉक या मायनक्राफ्टच्या दोन रूपांतला फरकही जागच्या जागी सांगतो. आपल्याकडची मुलं फोनवर खेळतात ते बेडरॉक. जावातला वार केल्यावर थांबायचा नियम त्यांच्या गेममध्ये नाहीच. हे न लिहिलेलं पान त्यांना चुकीचं शिकवतं.

मग निवडायचं काय? कथेवर उभा असलेला, आता न बदलणारा गेम असेल तर यूईएसपी. दर महिन्याला अपडेट येत असेल तर मायनक्राफ्ट. वस्तू आणि आकडे हेच सर्वस्व असेल तर रुनस्केप, पण माणसं असतील तरच. पाच जणांनी ‘प्रत्येक गोष्टीला पान’ हा नियम घेतला की दोन-दोन ओळींची शेकडो पानं तयार होतात आणि त्यांकडे परत कुणी फिरकत नाही. लहान गटाला माझा आग्रह असा: पहिल्या दिवसापासून प्रत्येक विधानाला आवृत्ती लावा, कथेच्या प्रत्येक विधानाला ‘कोण म्हणतं’ लावा, आणि किरकोळ वस्तूंची एकत्र यादी करा. माणसं वाढली की यादीतून पानं काढता येतात. ओस पडलेली पानं परत एकत्र करायला मात्र कुणी बसत नाही.

मराठीत लिहिणार असाल तर पानाचं शीर्षक म्हणजे पडद्यावर दिसतं तेच नाव, देवनागरीत. ‘डायमंड’ हे पान आणि ‘हिरा’ वरून त्याकडे पुनर्निर्देशन. उलट केलंत तर खेळता खेळता शोधणाऱ्याला पान सापडत नाही.

आणि एक. नियमांची कल्पना कुणाचीही घ्या, पण मजकूर उचलताना परवाना बघा. यूईएसपीचा मजकूर सीसी बाय-एसए, म्हणजे श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली पुढे वापरायच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, रुनस्केप आणि मायनक्राफ्ट विकींचा बिगर-व्यावसायिक अट असलेल्या सीसी बाय-एनसी-एसए खाली. दोन्हींची सरमिसळ एका पानावर करता येत नाही. भाषांतरालाही हीच अट लागते, आणि मूळ विकीचं श्रेय पानावर द्यावंच लागतं.