अँटोनोव्ह एएन-२ चं कागदी मॉडेल, १:३३: बांधून आणि एक पावसाळा काढून

आधी कपाट मोजा. खऱ्या एएन-२ या दुपंखी विमानाचा वरचा पंख १८.१८ मीटरचा, म्हणजे १:३३ मध्ये तो ५५ सेंटिमीटर भरतो, आणि इतकी खोल फळी आपल्याकडे सहसा नसते. माझं मॉडेल शेवटी कपाटाच्या डोक्यावर गेलं.

कापून जोडायचे भाग छापलेली पुस्तिका पोलिश आहे. कागदी विमानांत १:३३ हे तिकडचं ठरलेलं माप. एएन-२ मूळचं सोव्हिएत, पहिलं उड्डाण १९४७ चं. फवारणी, टपाल, छत्रीधारी सैनिक, डझनभर प्रवासी, पडेल ते काम करणारं. १९६० पासून ते पोलंडात म्येलेत्सला हजारोंनी बनलं, त्यामुळे तिकडच्या लोकांना ते घरचंच. सूचना पोलिशमध्ये असल्या तरी अडत नाही, आकृत्यांवरून सगळं उलगडतं.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे पंख. आतला सांगाडा एक मिलिमीटर पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा, मग वरून कातडी गुंडाळायची. खऱ्या विमानात पुढच्या तुळईमागे पंखावर कापड असतं. छपाईत त्या कापडाखालच्या फासळ्यांच्या रेघा इतक्या नेमक्या आहेत की सांगाड्याच्या फासळ्या बरोबर त्यांच्याखाली येतात. वरचा पंख थेट धडाच्या डोक्यावर बसतो, बाजूला एकेक दांडी आणि ताणतारा. दोन पंख आणि ती दांडी जोडली की सगळं एकदम ताठ होतं, उचलून फिरवलं तरी लचकत नाही. तारांना मी तंगूस वापरली. साधा दोरा लावू नका, त्याचे तंतू उभे राहतात आणि या मापात तो सुतळीसारखा दिसतो.

इंजिन मात्र सहनशक्ती बघतं. नऊ सिलिंडर, प्रत्येकाला लहान-मोठ्या चकत्यांची आलटून-पालटून थप्पी. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं गोल आवरण, चढलं की त्यातलं बरंचसं झाकतं, तेव्हा मागची बाजू सरळ गाळली तरी चालेल. शेपटी जमिनीला टेकवून बसणारं विमान असल्याने नाकात वजन भरायची भानगड नाही, हे एक सुख.

खटकलं ते कॉकपिट. वैमानिकाला सरळ खाली बघता यावं म्हणून एएन-२ च्या बाजूच्या काचा बाहेर फुगलेल्या असतात, विमानाचा चेहराच तो. पुस्तिकेत चौकटीचे तुकडे सपाट, चिकटवायचे ओठ जेमतेम मिलिमीटरभर. चौकट पेन्सिलीवरून हलकी वळवून, पारदर्शक प्लास्टिक आतून टेकवत, कोपऱ्यागणिक थांबावं लागतं. दुसरी तक्रार स्लॅटची. वेग उतरला की वरच्या पंखाच्या पुढच्या कडेवरच्या या पट्ट्या आपोआप उघडतात, म्हणून तर हे धूड बैलगाडीच्या वाटेएवढ्या पट्टीवर उतरू शकतं. इथे त्यांची नुसती छापील रेघ! वेगळा तुकडा द्यायला काय हरकत होती?

पावसाळ्यात काय झालं, हे सगळे विचारतात. पंखांची कातडी पाण्यातल्या गोंदाऐवजी रबराच्या सोल्युशनने लावली होती, आणि बांधून झाल्यावर मॅट लॅकरचे पातळ हात फवारले होते. पंख जसेच्या तसे आहेत. धडाच्या जोडावर, आत पांढरा गोंद आहे तिथे, किंचित लाट आली आणि दिवाळीपर्यंत बरीचशी बसली. घड्यांवरची शाई मात्र तडकते. हिरव्या जलरंगाने कडा आधी रंगवून घ्या, नंतर ब्रश पोचत नाही.

पहिलंच मॉडेल असेल तर हे घेऊ नका. एकपंखी दोन-तीन विमानं झाली असतील तर जरूर घ्या, आणि कापायच्या आधी सगळी पानं स्कॅन करून ठेवा.