'आउटरेज': कटर, ड्रिल आणि फसलेली माफी

जपानी दिग्दर्शक ताकेशी कितानोचा गुंडपट 'आउटरेज' (2010, 109 मिनिटं) रक्तबंबाळ म्हणून बदनाम आहे. खरं तर अंगावर येतात ती त्यातली हत्यारं. माणसं मारायच्या तऱ्हा आधी सुचल्या आणि कथा मागून जोडली, असं कितानोनेच सांगून ठेवलंय. सिनेमाची मजा आणि गोची, दोन्ही तिथेच आहे.

सुरुवातीलाच टोळ्यांची उतरंड डोक्यात पक्की करा, नाहीतर पुढे कोण कुणाला का मारतोय याचा पत्ता लागणार नाही. सगळ्यांत वर सान्नो-काई ही बडी टोळी आणि तिचा अध्यक्ष सेकिउची. त्याच्या हाताखाली इकेमोतोची टोळी, तिच्याही खाली ओतोमोची (ही भूमिका कितानोचीच). इकेमोतोचा बाहेरच्या टोळीतल्या मुरासेशी भाईचारा आहे आणि तो अध्यक्षाला खुपतो. वरून येते ती फक्त नाराजी. घाणेरडं काम खाली सरकत सरकत ओतोमोच्या गळ्यात पडतं.

कटरचा प्रसंग सगळ्यांत सरस. मुरासेचा माणूस किमुरा माफी मागायला येतो. याकुझांच्या (जपानी टोळीवाल्यांच्या) रिवाजात अशा वेळी करंगळीचं टोकाचं पेर स्वतः कापायचं आणि कापडात गुंडाळून समोरच्याला द्यायचं असतं. त्याला हवा जड, धारदार सुरा. ओतोमो पुढे करतो कागद कापायचा कटर! ते पातळ पातं हाडावर काय चालणार? किमुरा रेटून बघतो, जमत नाही, आणि मग तोच कटर त्याच्या चेहऱ्यावर फिरतो. माफी घ्यायचीच नव्हती, हे एकही शब्द न बोलता कळतं. दाताच्या दवाखान्यातलं ड्रिलही असंच: मुरासे खुर्चीत आ वासून पडलेला, पळणार कुठे? त्या प्रसंगात डोळे मिटून उपयोग नाही, आवाज बंद करा. पुढे तो जबड्याला आधाराचा सांगाडा लावून बसलेला दिसतो तेव्हा चक्क हसू येतं.

उत्तरार्धात मात्र गाडी घसरते. एकाच्या गळ्यात दोर अडकवून, दुसरं टोक बांधून, मोटार पळवायची! खिशात पिस्तूल असलेली माणसं एवढा खटाटोप कशाला करतील? इथे हिंसा अतिरेकी वाटते ती रक्तामुळे नव्हे, मारण्यामागचं कारणच आटल्यामुळे. यादीतली नावं खोडल्यासारखी माणसं मरतात. कितानोच्याच 'सोनातिने'मध्ये (1993) लिफ्टमधली माणसं जागची न हलता एकमेकांवर गोळ्या झाडतात. तिथे कल्पकतेचा दिखावा नाही, म्हणून जास्त हादरायला होतं.

कितानो नवा असेल तर आधी 'सोनातिने' बघा, मग हा. 2012 च्या दुसऱ्या भागात मारामारीपेक्षा आरडाओरडा आणि डावपेच जास्त आहेत, आणि पटकथा याहून घट्ट आहे. त्यातलं बेसबॉल फेकणाऱ्या यंत्राचं दृश्य सोसत नसेल तर खुशाल पुढे पळवा, कथेचं काही अडत नाही.