जीटीए घेऊन द्यायचा का? चौदा-पंधराच्या मुलासाठी तीन वाटांची तुलना

आठवी-नववीतल्या मुलाने जीटीए, म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा गुन्हेगारीवरचा व्हिडिओ गेम, मागितला की घरातल्या मोठ्यांपुढे तीन वाटा असतात. मुकाट घेऊन द्यायचा, साफ नाही म्हणायचं, किंवा आपल्या नावावर घेऊन आपल्या अटींवर खेळू द्यायचा. या तिन्ही वाटांनी गेलेली शहाणी घरं आहेत, त्यामुळे कुणाला नावं ठेवायचा इरादा नाही. आमच्याकडे तिसरी वाट चालू आहे. जीटीए सिक्ससाठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाल्यापासून हा विषय बऱ्याच जेवणाच्या टेबलांवर आला असणार, म्हणून हा आढावा. पीएस ५ (प्लेस्टेशन ५ हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) गृहीत धरलं आहे; पीसीची गोष्ट वेगळी, ती पुढे येते.

कायद्याची बाजू लवकर आटपते. आपल्याकडे सेन्सॉर बोर्ड सिनेमाचं. गेमच्या डबीवर दिसतो तो १८ चा आकडा युरोपातल्या पेगीचा, आणि १७ वर्षांवरच्यांसाठीचं 'एम' अमेरिकेतल्या ईएसआरबीचं; गेम कोणत्या वयासाठी हे ठरवणारी ही दोन मंडळं. ब्रिटनमध्ये २०१२ पासून पेगीचे १२, १६ आणि १८ हे आकडे दुकानदाराला कायद्याने बांधील आहेत. अमेरिकेत उलट झालं. मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द ठरवला. पण दोन्हीकडे आईबापाने स्वतः विकत घेऊन मुलाच्या हातात दिला तर तो गुन्हा नाही. म्हणजे भाचा नाशिकला असो की लंडनला, निर्णय शेवटी घरच्यांच्याच गळ्यात.

आकडा बघून निर्णय घेता येईल असंही नाही, कारण एकाच आकड्याखाली फार वेगवेगळा माल असतो. २०१८ चा गॉड ऑफ वॉर आणि २०१३ चा जीटीए फाइव्ह, दोन्ही पेगी १८. पहिल्यात कुऱ्हाड, राक्षस आणि भरपूर रक्त आहे, पण गोष्ट बाप-लेकाची. दुसऱ्यात मुख्य कथेतच छळाचा एक प्रसंग आहे, त्यात कोणतं हत्यार वापरायचं हे खेळणाऱ्याने स्वतः निवडायचं असतं, आणि तो नको असेल तर गाळायचा का, असं गेम आधी विचारत नाही. २००९ च्या कॉल ऑफ ड्युटी: मॉडर्न वॉरफेअर टू मध्ये विमानतळावरच्या हत्याकांडाचा भाग होता, तो गाळायचा का, हे तो गेम निदान आधी विचारत तरी होता. म्हणून डबीवरच्या आकड्यापेक्षा ईएसआरबीच्या साइटवर त्या गेमखाली असलेला छोटा परिच्छेद वाचा. कोणती दृश्यं आहेत, शिव्या कुठल्या पातळीच्या, नग्नता आहे का, सगळं सरळ लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम. त्याच पानावर 'युजर्स इंटरॅक्ट' आणि 'इन-गेम परचेसेस' ह्या पट्ट्या आहेत का तेही बघा. अनोळखी माणसं माइकवरून काय बोलतील हे कोणत्याच मंडळाने तपासलेलं नसतं, तेवढ्यासाठीच ती पहिली पट्टी.

पहिली वाट, घेऊन टाकायचा. हिचे फायदे खोटे नाहीत. भांडण संपतं, वर्गातल्या गप्पांत मूल एकटं पडत नाही, आणि सतरा वर्षांचं, बारावीतलं मूल असेल तर पुढच्या वर्षी ते स्वतःच घेणार आहे. त्या वयाला माझी फारशी हरकत नसते. हिंसक गेम खेळून मुलं हिंसक होतात का, यावर संशोधकांत अजून एकमत नाही, तेव्हा तो मुद्दा मी तराजूत टाकत नाही. माझं अडतं ते वेगळ्याच आणि ऐकायला क्षुल्लक वाटणाऱ्या जागी. जन्मतारखेपाशी.

'घेऊन टाकला' याचा अर्थ बहुतेक घरांत असा होतो: मुलाच्या नावाने पीएसएन, म्हणजे प्लेस्टेशनचं ऑनलाइन, खातं काढायचं, खरी तारीख टाकली तर अठराचा गेम उघडत नाही, मग २००० साल टाकायचं. गेम चालू होतो, सगळे खूश. प्लेस्टेशनच्या दृष्टीने मात्र त्या क्षणापासून हा पंचविशीचा गृहस्थ आहे. पालकांचं नियंत्रण फक्त मुलाच्या खात्याला लागू होतं, त्यामुळे पुढे प्लेस्टेशनवरच्या 'फॅमिली' या घरच्या खात्यांच्या गटात त्याला जोडून घेतला तरी प्रौढ सदस्य म्हणूनच येतो. वेळेची मर्यादा नाही, खर्चाची नाही, संदेश कुणाचे यावेत यावर तुमचा ताबा नाही. एका गेमसाठी दार उघडायचं होतं, वाड्याची सगळीच दारं उघडली गेली.

ते नंतर सुधारायला जावं तर खरा त्रास सुरू होतो. प्रौढ खात्याचं मुलाचं खातं करून घेणं ही सेटिंगमध्ये जाऊन एक बटण दाबण्यासारखी गोष्ट नाही. नवं खातं काढता येतं, पण जुन्या खात्यावर विकत घेतलेले डिजिटल गेम नव्या खात्यावर हलवता येत नाहीत, ट्रॉफ्याही नाहीत. वर्षभर खेळून मिळवलेलं सगळं टाकून दे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला पटवणं हे मूळ गेमला नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड. आणि तोच जीमेल, तीच खोटी तारीख मग डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर जाते, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर जाते. रक्त आणि शिव्यांबद्दल मुलाशी बोलता येतं. चुकीच्या तारखेचं खातं मात्र वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. पहिली वाट माझ्यापुरती इथेच बंद झाली.

दुसरी वाट नकाराची. मूल तेरापेक्षा लहान असेल तर माझं मत हिच्याच बाजूने आहे, आणि तिथे फार तोलून बघायची गरज वाटत नाही. काही बसवायचं नाही, काही बघत बसायचं नाही, मोठ्या नव्या गेमचे पाचेक हजार रुपये वाचतात. चौदाच्या पुढे मात्र एक अडचण दिसायला लागते: न घेणं म्हणजे न खेळणं नव्हे. काउंटर-स्ट्राइक टू हा पीसीवरचा गोळीबाराचा गेम फुकट आहे, त्यात खरेदी नसल्यामुळे तुमची परवानगी मागायचा प्रश्नच येत नाही. मित्राच्या घरी प्लेस्टेशन असतं. तासावर पैसे घेणाऱ्या गेमिंग कॅफेत वय विचारलं जाईलच असं नाही. आणि घरी पीसी असेल तर सर्वांत वाईट पर्याय म्हणजे 'रिपॅक', चोरीच्या प्रती. त्यांच्या सूचनांत बऱ्याचदा 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असंच लिहिलेलं असतं. ज्या कॉम्प्युटरवरून वडील नेटबँकिंग करतात त्यावर हे नको.

नकार द्यायचाच असेल तर हात रिकामे ठेवू नका. जीटीए मागणाऱ्या बऱ्याच मुलांना त्यातली कथा नको असते, मोकळ्या शहरात गाडी उडवायची असते. तेवढ्यासाठी फोर्झा होरायझन फाइव्ह आहे, पेगी ३ आणि २०२५ पासून पीएस ५ वरही. शहरभर लटकत फिरायचं असेल तर २०१८ चा स्पायडर-मॅन, पेगी १६. असॅसिन्स क्रीडचं वेड असेल तर ऑरिजिन्सला जोडून आलेली डिस्कव्हरी टूर बघा. तोच प्राचीन इजिप्त, मारामारी वजा.

आता तिसरी वाट. कामाची आणि थोडी कटकटीची.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी आई किंवा वडिलांचं स्वतःचं पीएसएन खातं, तेच फॅमिली मॅनेजर. त्या प्रोफाइलला लगेच लॉगिन पासकोड लावा. ही पायरी राहते आणि पुढचं सगळं वाया जातं, कारण मूल सरळ बाबांचं प्रोफाइल निवडून बसतं आणि तिथे कसलंच बंधन नसतं. मग मुलाचं खातं, खऱ्या जन्मतारखेने. त्यावर वयाची पातळी, महिन्याचा खर्च शून्य आणि संवाद बंद. नंतर कन्सोलचे निर्बंध: नवा युजर तयार करणं आणि पाहुणा म्हणून लॉगिन, दोन्ही बंद. या निर्बंधांचा पासकोड मुळात ०००० असतो. तो बदलला नाही तर कुलूप लावून किल्ली तिथेच टांगल्यासारखं होतं. मुलांना तो आकडा आपल्याआधी माहीत असतो.

गेम पालकाने घ्यायचा. डिस्क ड्राइव्हचं पीएस ५ असेल तर डिस्कच घ्या. डिस्क आत असल्याशिवाय गेम सुरू होत नाही, त्यामुळे कपाटात ठेवलेली डिस्क हे सगळ्यांत भरवशाचं नियंत्रण आहे, आणि कंटाळा आला की विकताही येते. डिजिटल घेतला तर तुमच्या खात्यावर कन्सोल शेअरिंग (तुमचे गेम त्या कन्सोलवरच्या इतरांनाही खेळू देणारी सोय) चालू लागतं, तरच तो मुलाच्या प्रोफाइलमधून चालतो. मुलाच्या वयाच्या पातळीमुळे गेम अडेल. तेव्हा पातळी वाढवू नका, 'अलाउड गेम्स'च्या यादीत तो एकच गेम घाला. बाकीचे अठराचे गेम बंदच राहतात. खोट्या तारखेच्या खात्यात नेमकं हेच करता येत नाही.

जीटीए फाइव्हमध्ये कथा आणि ऑनलाइन असे दोन वेगळे भाग आहेत, आणि माझा आक्षेप जास्त आहे तो ऑनलाइनला. अनोळखी माणसांच्या शिव्या आहेतच, वर शार्क कार्ड नावाचे खऱ्या पैशांनी घ्यायचे खोटे पैसे. पीएस ५ वर ऑनलाइन भागाला पीएस प्लसची वर्गणी लागते, तेव्हा ती नसेल तर निम्मा प्रश्न आपोआप सुटतो. पण एक मेख आहे. क्रिकेट-फुटबॉलच्या गेमसाठी बाबांनी पीएस प्लस घेतलं असेल, तर कन्सोल शेअरिंगमुळे त्याच कन्सोलवर मुलालाही ते मिळतं. अशा घरात संवाद बंद आणि खर्च शून्य ही दोन बटणं आठवड्यातून एकदा तपासा. दुकानातून रोखीने आणलेलं गिफ्ट कार्ड ओटीपीच्या फाटकातून जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

वेळ संपल्यावर फक्त सूचना द्यायची की लॉगआउट करायचं, असे दोन पर्याय आहेत. मी लॉगआउट निवडेन, पण मुलाला आधी सांगून. कथेच्या भागात गेममधल्या मोबाइलवरून पटकन सेव्ह करता येतं, ते दाखवून ठेवा; अर्ध्या मिशनमध्ये बाहेर फेकलं गेलेलं मूल पुढचे दोन तास घरात कुणाशी धड बोलत नाही.

टीव्ही हॉलमध्ये, आवाज स्पीकरवर, हेडफोन नाही. ट्रेव्हर या गेममधल्या शिवराळ पात्राची भाषा आजीच्या मालिकेच्या वेळेला हॉलमध्ये घुमली की आवाज किती ठेवायचा हे मुलाला आपसूक कळतं. छळाच्या त्या प्रसंगाला शेजारी बसा.

ही वाट कंटाळवाणी आहे, हे कबूल. डिस्क काढून द्या, परत ठेवा, यादी तपासा. आईवडील दोघंही रात्री आठला घरी येत असतील तर हिचा अर्धा अर्थ उरत नाही, आणि तिथे नकार जास्त प्रामाणिक ठरेल.

पीसीवर हेच स्टीम फॅमिलीज या स्टीमच्या कुटुंबासाठीच्या सोयीतून बऱ्यापैकी जमतं. सहा जणांपर्यंत फॅमिली, मुलाला 'चाइल्ड' म्हणून घ्यायचं आणि कोणते गेम दिसावेत ते एकेक करून ठरवायचं. प्रत्येकाचे सेव्ह वेगळे राहतात. गेमच्या पानावर 'फॅमिली शेअरिंग' लिहिलं आहे का, हे आधी बघा. सगळे गेम वाटून घेता येत नाहीत. दोन काटे मात्र टोचतात. तुमच्या प्रतीवर मुलाने चीट वापरून बंदी ओढवली तर त्या गेममध्ये तुमच्यावरही बंदी येते. आणि फॅमिलीतली जागा एकदा भरली की ती रिकामी होऊन दुसऱ्याला द्यायला वर्षाची अट आहे, तेव्हा चुलतभावाला घाईने आत घेऊ नका. शिवाय ऑनलाइन खेळायला पीसीवर वर्गणी नसते, म्हणजे पीएस प्लसचं ते आपोआपचं फाटकही नाही. पहिलाच अठराचा गेम असेल तर मी कन्सोलकडे झुकेन.

राहिले मामा, काका आणि परदेशातली आत्या. भेट म्हणून असा गेम द्यायचा असेल तर आधी त्याच्या आईला फोन करा. डिजिटल कोड पाठवू नका; तो मुलाच्या खात्यात एकदा टाकला की तिथेच राहतो. डिस्क द्या, आणि डबी आईच्या हातात द्या.